तेरचे खापर आणि संगणकाची रेघ

धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यातील तेर हे गाव महाराष्ट्राला दोन कारणांनी परिचित आहे. वारकऱ्यांसाठी ते संत गोरोबाकाकांचे गाव आहे, तर इतिहासाच्या अभ्यासकांसाठी ते प्राचीन तगर नगर आहे. ही दोन्ही कारणे अखेर मातीशी येऊन मिळतात. गोरोबाकाका कुंभार होते आणि तगर नगराची ओळख आज प्रामुख्याने उरली आहे ती तेथील पांढरीच्या टेकाडांतून निघालेल्या मडक्यांच्या खापरांतून, भाजक्या मातीच्या मूर्तींतून आणि विटांतून.

अशा वस्तूंचे छायाचित्र घेणे आता कोणालाही सहज शक्य आहे. तथापि मडक्याची भिंत किती जाड होती, काठ आत वळलेला होता की बाहेर, मोडलेला भाग किती आणि उरलेला किती, हे छायाचित्र सांगत नाही. ते सांगण्यासाठी रेखाटन लागते. पूर्वी हे काम आलेखपत्र, निबाची लेखणी आणि चिनी शाई यांनी होत असे. गेल्या दोन-तीन दशकांत ते बहुतांशी संगणकाकडे गेले असून त्यासाठी ‘व्हेक्टर’ पद्धतीची चित्रप्रणाली वापरली जाते. रोजच्या वापरातील मडके आणि कल्पनेतील मकर या दोन टोकांच्या वस्तू या प्रणालीत कशा रेखाटाव्यात आणि रेखाटताना कोणते भान ठेवावे, याची माहिती येथे तेरच्या निमित्ताने घेऊ.

तगर ते तेर

तेर हे गाव तेरणा नदीच्या काठी, धाराशिवच्या ईशान्येस सुमारे २० किलोमीटरवर आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या सागरी प्रवासवर्णनात भडोचच्या बाजारपेठेला माल पुरविणाऱ्या दख्खनच्या दोन मोठ्या नगरांचा उल्लेख येतो. भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर. तगरहून साधे कापड आणि तलम मलमल गाड्यांवर लादून भडोचला जात असे, असे त्यात म्हटले आहे. हे तगर म्हणजेच आजचे तेर, ही ओळख जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात पटवून दिली. पुढे पुरातत्त्व खात्याचे हेन्री कझेन्स यांनी येथील वास्तूंची पाहणी केली आणि १९५८ मध्ये बा. ना. चापेकर यांच्या मार्गदर्शनाखाली येथे उत्खनन झाले. त्यानंतरही येथे वेळोवेळी उत्खनने झाली आहेत.

गावात विटांनी बांधलेले त्रिविक्रम मंदिर आहे. त्याची मागील बाजू अर्धवर्तुळाकार असून छत गजपृष्ठाकार आहे. मुळात हे बौद्ध चैत्यगृह असावे, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. उत्तरेश्वराचे मंदिरही विटांचे आहे. तेरचे रहिवासी रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर जमवलेल्या पुराणवस्तूंतून येथे शासकीय संग्रहालय उभे राहिले आणि त्यांचेच नाव त्याला देण्यात आले. सातवाहन काळातील काळी-तांबडी भांडी, आतील तळावर टिंबांच्या वर्तुळांची नक्षी असलेली ‘रुलेटेड’ भांडी, केओलिन या पांढऱ्या मातीपासून दोन साच्यांत घडवलेल्या पोकळ मूर्ती, हस्तिदंती काम आणि मणी, अशी तेरच्या वस्तूंची ख्याती आहे.

व्हेक्टर म्हणजे काय?

संगणकावरील चित्रे दोन प्रकारची असतात. छायाचित्र हे हजारो-लाखो रंगीत चौकटींचे, म्हणजे पिक्सेलचे बनलेले असते. ते मोठे करत गेले की या चौकटी दिसू लागतात आणि कडा फाटतात. व्हेक्टर चित्रात चौकटी नसतात. त्यात बिंदू असतात आणि एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंत रेघ कशी वळत जाते याचे गणित असते. त्यामुळे ते टपाल तिकिटाएवढे छापले काय किंवा चौकातील फलकाएवढे छापले काय, रेघ तितकीच स्वच्छ राहते.

या वळणदार रेघांचे गणित मोटारींच्या कारखान्यांत जन्मले. फ्रान्समधील सिट्रोएन कंपनीत पॉल द कास्तेल्जो आणि रेनो कंपनीत पिएर बेझिए यांनी १९५९ नंतरच्या काळात मोटारीच्या पत्र्याचे वळण अचूक सांगता यावे यासाठी ते स्वतंत्रपणे विकसित केले. बेझिए यांच्या नावाने हे वक्र आज ओळखले जातात. संगणकाच्या पडद्यावर थेट रेखाटन करण्याची वाट आयव्हन सदरलँड यांच्या ‘स्केचपॅड’ने १९६३ मध्ये दाखवून दिली होती. १९८७ मध्ये अ‍ॅडोबी इलस्ट्रेटर आणि १९८९ मध्ये कोरलड्रॉ बाजारात आले. कोरलड्रॉ तर महाराष्ट्रातील छापखान्यांचे आणि लग्नपत्रिका व फलक तयार करणाऱ्यांचे नित्याचे साधन बनले. २००१ मध्ये ‘एसव्हीजी’ ही व्हेक्टर चित्रांची खुली मानक पद्धत जाहीर झाली आणि २००३ मध्ये तिच्यावर आधारलेली ‘इंकस्केप’ ही मोफत प्रणाली सुरू झाली. पुढे दिलेली कृती या तिन्हींपैकी कोणत्याही प्रणालीत करता येते. आज्ञांची नावे तेवढी थोडीफार बदलतात.

या प्रणालीतील चार-पाच शब्द आधी समजून घेतले पाहिजेत. रेघेवरील बिंदूला ‘नोड’ म्हणतात. नोडच्या दोन्ही बाजूंना निघणाऱ्या आणि वळणाची दिशा ठरविणाऱ्या काड्यांना ‘हँडल’ म्हणतात. बिंदूंना जोडून बनलेल्या रेषेला ‘पाथ’, तिच्या आतील रंगाला ‘फिल’ आणि कडेच्या जाडीला ‘स्ट्रोक’ म्हणतात. एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांसारख्या थरांना ‘लेअर’ असे नाव आहे.

आधी मोजमाप

मडक्याचे शास्त्रीय रेखाटन पाहताना नवख्याला ते विचित्र वाटते. मधोमध एक उभी रेघ असते. तिच्या एका बाजूला भांडे बाहेरून जसे दिसते तसे काढलेले असते, तर दुसऱ्या बाजूला भांडे सुरीने उभे कापले असता भिंतीची जी जाडी दिसेल ती भरीव काळ्या रंगात दाखवलेली असते. काप डावीकडे घ्यायचा की उजवीकडे, याचे संकेत देशोदेशी वेगळे आहेत. परंतु एकदा स्वीकारलेला संकेत संपूर्ण पुस्तकात पाळावा लागतो.

बहुतेक वेळा हाती संपूर्ण मडके नसून काठाचा एक तुकडा असतो. तो मूळ भांड्यात कोणत्या कोनात होता हे ठरविण्यासाठी तुकडा सपाट टेबलावर काठाच्या बाजूने पालथा ठेवतात आणि काठाखालून उजेड दिसेनासा होईपर्यंत मागेपुढे कलवतात. काठ सर्वत्र टेबलाला टेकला की तोच त्याचा मूळ कोन होय. भिंतीची जाडी कॅलिपरने मोजतात आणि बाहेरील वळण मऊ तार दाबून किंवा त्यासाठीच्या काटेरी मापकाने घेतात.

काठाचा व्यास मात्र हिशेबाने काढावा लागतो. तुकड्याच्या काठाच्या दोन टोकांमधील सरळ अंतर म्हणजे जीवा आणि त्या जीवेच्या मध्यापासून काठापर्यंतची उंची म्हणजे शर. जीवेच्या वर्गाला शराच्या आठपटीने भागावे आणि त्यात शराचा निम्मा भाग मिळवावा, म्हणजे त्रिज्या मिळते. समजा, जीवा ८ से.मी. आणि शर १ से.मी. आहे. मग ६४ भागिले ८ म्हणजे ८, अधिक अर्धा, अशी त्रिज्या ८.५ से.मी. आणि व्यास १७ से.मी. येतो. या तुकड्यात मूळ काठाचा जेमतेम सहावा हिस्सा उरलेला असतो.

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. याच तुकड्याचा शर मोजताना एका मिलिमीटरची चूक झाली आणि तो ९ मि.मी. धरला गेला, तर व्यास सुमारे १८.७ से.मी. येईल. ही चूक एक वेळ चालून जाईल. परंतु त्याच मडक्याचा केवळ ४ से.मी. जीवेचा तुकडा हाती आला, तर त्याचा शर अवघा २.४ मि.मी. असतो. तेथे एका मिलिमीटरची चूक झाली की १७ से.मी. व्यासाचे मडके कागदावर जवळजवळ २९ से.मी. व्यासाचे होऊन बसते. वाडग्याचे परातीत रूपांतर होण्यास एवढे पुरते. म्हणूनच तुकडा फार लहान असेल तर जाणकार त्याचा व्यास देत नाहीत. केवळ भिंतीचा काप काढून थांबतात.

मडके: कृती

घरातील एखादे गाडगे किंवा पितळी तांब्या घेऊन ही कृती शिकता येईल. प्रथम वस्तूचे छायाचित्र घ्यावे. कॅमेरा जवळ नेल्यास मधला भाग फुगतो आणि काठाचे वर्तुळ दिसू लागते. त्यासाठी दीड-दोन मीटर दूर राहून, कॅमेरा भांड्याच्या पोटाच्या उंचीवर धरून, झूम वापरून छायाचित्र घ्यावे. भांड्याच्या कडेच्या प्रतलातच एक मोजपट्टी उभी ठेवावी.

हे छायाचित्र प्रणालीत सर्वांत खालच्या लेअरवर ठेवून ती लेअर कुलूपबंद करावी आणि फिकट करावी. मोजपट्टीवरील १० से.मी. पडद्यावरील १० से.मी.शी जुळतील एवढे चित्र लहानमोठे करावे. मग भांड्याच्या मध्यातून एक उभी रेघ ओढावी.

आता नव्या लेअरवर पेन टूलने भांड्याची फक्त एक बाजू काढावी. मराठीत भांड्याच्या अवयवांना काठ, मान, खांदा, पोट आणि बूड अशी माणसाच्या शरीरावरून घेतलेली नावे आहेत. नोड कोठे द्यावेत याचे ती उत्तम मार्गदर्शन करतात. काठाच्या टोकाला एक, मान जेथे सर्वांत अरुंद आहे तेथे एक, पोट जेथे सर्वांत रुंद आहे तेथे एक आणि बूड जेथे जमिनीला टेकते तेथे एक. खांद्यावर ठळक कोन असेल तरच तेथे टोकदार नोड द्यावा. मान आणि पोट येथील नोडची हँडल सरळ उभी ठेवावीत, कारण त्या ठिकाणी रेघ क्षणभर उभीच असते.

नवशिक्याची हमखास होणारी चूक म्हणजे नोडची गर्दी. जितके बिंदू जास्त तितके चित्र अचूक, असा त्याचा समज असतो. प्रत्यक्षात प्रत्येक अनावश्यक नोडपाशी रेघ किंचित अडखळते आणि चाकावर फिरलेल्या मडक्याचे अखंड वळण हरवते. पूर्ण वर्तुळसुद्धा चार नोडमध्ये काढता येते. प्रत्येक हँडलची लांबी त्रिज्येच्या ०.५५२ पट ठेवली की ते खऱ्या वर्तुळापासून डोळ्यांना कळेल इतके ढळत नाही. चार नोडमध्ये वर्तुळ सामावते, तर एका गाडग्याच्या बाजूला आठ-दहा नोड पुरेत.

बाहेरची रेघ झाल्यावर मोजलेल्या जाडीनुसार आतील रेघ काढावी आणि दोन्ही रेघा काठापाशी व बुडापाशी जोडून बंद आकार करावा. त्यात काळा रंग भरला की भिंतीचा काप तयार होतो. मग बाहेरच्या रेघेची प्रत घेऊन ती मधल्या उभ्या रेघेभोवती आरशातल्याप्रमाणे उलटी केली की भांड्याची दुसरी बाजू मिळते. काठ, खांदा आणि बूड येथे आडव्या रेघा दिल्या की रेखाटन पूर्ण होते. नक्षी असल्यास ती बाहेरच्या बाजूवर वेगळ्या लेअरमध्ये काढावी. छाया द्यायची असल्यास प्रकाश वरच्या डाव्या कोपऱ्यातून येतो असे धरण्याचा प्रघात आहे.

शेवटी मोजपट्टी काढण्यास विसरू नये. ‘एकास तीन’ असे नुसते लिहिणे धोक्याचे असते, कारण छपाईत किंवा पडद्यावर चित्राचा आकार बदलतो आणि लिहिलेले प्रमाण खोटे ठरते. चित्राबरोबर लहानमोठी होणारी मोजपट्टी मात्र खरीच राहते. रेघेच्या जाडीचाही विचार आधीच करावा. अर्ध्या मिलिमीटरची रेघ चित्र एक-तृतीयांश केल्यावर ०.१७ मि.मी. उरते. चित्र लहान करताना रेघेची जाडीही बदलावी की तशीच राहावी, हे ठरविणारी खूण प्रत्येक प्रणालीत असते. ती पाहूनच आकार बदलावा.

कापाने काय उलगडते?

काप काढण्याचा हा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न पडेल. त्याचे उत्तर तेरच्याच एका सुप्रसिद्ध वस्तूत आहे. येथे हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती सापडली आहे. तिच्याशी साम्य असलेली दुसरी मूर्ती १९३८ मध्ये इटलीतील पाँपेई येथे मिळाली. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या या नगरात भारतीय बनावटीची मूर्ती मिळाल्याने ती ‘पाँपेईची लक्ष्मी’ म्हणून जगभर गाजली आणि आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. जालना जिल्ह्यातील भोकरदन येथेही याच घडणीची हस्तिदंती मूर्ती मिळाली आहे.

पाँपेईची मूर्ती समोरून पाहिली तर ती एखाद्या देवतेची किंवा यक्षीची स्वतंत्र मूर्ती वाटते. तिच्या डोक्यातून खाली गेलेले उभे छिद्र मात्र समोरून दिसत नाही. त्या छिद्रावरूनच ही मूर्ती आरशाची मूठ किंवा एखाद्या लहान चौरंगासारख्या वस्तूचा पाय असावी, असे अनुमान अभ्यासकांनी केले. म्हणजे समोरच्या चित्रातील देवता कापाच्या चित्रात घरगुती वापराची वस्तू ठरते. अशा वस्तूचे रेखाटन करताना समोरचे, बाजूचे आणि वरचे दृश्य एकाच प्रमाणात, एका ओळीत मांडावे आणि आतील छिद्र तुटक रेघेने दाखवावे, ते यासाठीच.

कल्पनेतील वस्तू: मकर, कीर्तिमुख, शरभ

मडक्यानंतर कल्पित वस्तूंकडे वळू. महाराष्ट्रातील मंदिरांत अभिषेकाचे पाणी वाहून नेणाऱ्या पन्हळीला अनेकदा मकराचे तोंड असते. उंबरठ्यावर कीर्तिमुख असते. किल्ल्यांच्या दरवाजांवर शरभ दिसतो आणि काही ठिकाणी दोन मस्तकांचा गंडभेरुंड. यांपैकी एकही प्राणी कोणी पाहिलेला नाही. तरीही पाथरवटाने ते मनाला येईल तसे घडवलेले नाहीत. प्रत्येकाचे अवयव ठरलेले आहेत आणि ते अवयव खऱ्या प्राण्यांचे आहेत. मकराला मगरीचा जबडा, हत्तीची वळलेली सोंड, माशाचे अंग आणि पानाफुलांत विरत जाणारी शेपटी असते. कीर्तिमुखाला बटबटीत डोळे, शिंगे आणि आयाळ असते, परंतु बहुधा खालचा जबडा नसतो. शरभाचे अंग सिंहासारखे असते आणि कधी त्याने पंजांत हत्ती धरलेले असतात.

व्हेक्टर पद्धत या रचनेला अतिशय सोयीची आहे, कारण तीही अवयव जोडूनच चित्र घडवते. मकर काढायचा तर प्रथम जबड्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत पाठीच्या कण्याची एकच वळणदार रेघ काढावी. ती डौलदार नसेल तर पुढील तपशील तिला वाचवू शकत नाहीत. मग डोके, धड आणि शेपटी यांसाठी तीन साधे बंद आकार त्या रेघेवर मांडावेत आणि ‘युनियन’ आज्ञेने त्यांचा एक बाह्याकार करावा. जबड्याची फट काढण्यासाठी पाचरीसारखा आकार वर ठेवून ‘डिफरन्स’ आज्ञेने तो वजा करावा. हा बाह्याकार नुसत्या काळ्या रंगात भरून दुरून पाहावा. तेवढ्यावरूनच मकर ओळखू आला पाहिजे.

खवले एकेक करून काढण्याची गरज नाही. एक खवला नीट काढावा, त्याच्या ‘क्लोन’ प्रती कण्याच्या रेघेला समांतर ओळींत मांडाव्यात आणि धडाबाहेर जाणारा भाग ‘क्लिप’ने झाकावा. मूळ खवला बदलला की सर्व प्रती आपोआप बदलतात. शेपटीच्या पानांसाठी एक सर्पिल रेघ काढून तीच लहानमोठी करीत पुढे न्यावी. सर्वांत शेवटी डोळा आणि दात. हे दोन तपशील आधी काढण्याचा मोह होतो. परंतु तसे केल्यास बाकीचा प्राणी डोळ्याभोवती ओढूनताणून बसवावा लागतो.

कीर्तिमुख समोरून पाहिलेले असल्याने त्याचे अर्धे मुख काढून आरशातल्याप्रमाणे उलटे करण्याची युक्ती सुचेल. येथेच थांबून विचार केला पाहिजे. मडक्याच्या बाबतीत ही युक्ती रास्त होती, कारण मडके चाकावर फिरले होते. त्याच्या दोन्ही बाजू सारख्या असण्याची हमी चाकाने दिली होती. कीर्तिमुखाला अशी हमी नाही. पाथरवटाने दोन्ही बाजू छिन्नीने वेगवेगळ्या घडवल्या. एक डोळा जरा मोठा झाला असेल, एक शिंग दगडातील शिरेमुळे आखूड ठेवावे लागले असेल. निमंत्रणपत्रिकेवर किंवा पुस्तकाच्या मुखपृष्ठावर घालण्यासाठी नवे कीर्तिमुख रचायचे असेल तर आरशाची युक्ती जरूर वापरावी. परंतु अमुक मंदिराच्या अमुक उंबरठ्यावरील कीर्तिमुखाची नोंद म्हणून चित्र काढायचे असेल, तर दोन्ही बाजू स्वतंत्रपणे पाहून काढल्या पाहिजेत. हाताने बनवलेल्या मडक्यालाही हाच नियम लागू होतो.

पाहिलेले आणि कल्पिलेले

व्हेक्टर रेखाटनातील खरा धोका त्याच्या स्वच्छतेत आहे. शाईच्या चित्रात चित्रकाराचा हात डळमळला तर रेघेत तो दिसतो. संगणकाची रेघ पाहिलेल्या काठासाठी आणि अंदाजाने जोडलेल्या बुडासाठी सारखीच ठाम असते. वर घेतलेल्या उदाहरणात काठाचा सहावा हिस्सा हाती होता आणि उरलेले पाच हिस्से हिशेबाने आले. हा हिशेब चाकाच्या आधारावर उभा आहे, म्हणून तो मान्य होतो. परंतु त्या तुकड्याला खांद्याखालचा भागच नसेल, तर पोट किती फुगीर होते हे कोणताही हिशेब सांगू शकत नाही. तरीही एखाद्याने तेथे सुंदर पोट आणि बूड काढले आणि ते चित्र फलकावर, पुस्तकात आणि शालेय प्रदर्शनात गेले, तर पुढच्या पिढीसाठी सातवाहनकालीन मडके तसेच ठरते. मूळ तुकडा कपाटात राहतो आणि लोकांच्या डोळ्यांसमोर चित्र राहते.

हे टाळण्यासाठी एक सोपी शिस्त पाळता येते. चित्रात निदान तीन लेअर ठेवाव्यात. पहिलीत प्रत्यक्ष पाहिलेले आणि मोजलेले, अखंड रेघेत. दुसरीत चाकाच्या किंवा सममितीच्या आधारे काढलेले, बारीक रेघेत. तिसरीत तत्सम वस्तूंवरून केलेले अनुमान, तुटक रेघेत. लेअरना तशीच नावे द्यावीत. उद्या त्याच मडक्याचे बूड सापडले तर फक्त तिसरी लेअर बदलावी लागेल. मकराची सोंड तुटलेली असेल तर ती तुटकीच काढावी आणि जोडायचीच असेल तर तिसऱ्या लेअरमध्ये जोडावी.

छायाचित्रावरून आपोआप रेघा ओढणारी ‘ट्रेस’ सुविधा जवळपास सर्व प्रणालींत आहे. अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांकडून तुटलेला भागही भरून मिळतो. शोभेच्या चित्रासाठी त्यांचा उपयोग होईल. नोंदीच्या चित्रात मात्र त्या दोन्ही अडचणीच्या ठरतात. ट्रेस सुविधा सावलीलाही कड समजून शेकडो नोड टाकते, आणि भरून मिळालेला भाग कोणत्या आधारावर भरला हे सांगता येत नाही.

अक्षरे, फाइल आणि परवानगी

चित्राखालील मजकूर युनिकोड देवनागरीत लिहावा, म्हणजे तो कोणत्याही संगणकावर वाचता आणि शोधता येतो. छापखान्यात फॉन्ट नसल्याने अक्षरे बदलू नयेत म्हणून ती ‘कर्व्ह’मध्ये रूपांतरित करण्याची पद्धत आहे. तसे केल्यावर अक्षरे म्हणजे केवळ आकार उरतात आणि चूक दुरुस्त करता येत नाही. यासाठी रूपांतर नेहमी प्रतीवर करावे, मूळ फाइल जशीच्या तशी ठेवावी. जतन करताना एक प्रत एसव्हीजी या खुल्या स्वरूपात आणि एक पीडीएफमध्ये असावी. एखाद्या कंपनीची प्रणाली उद्या बंद पडली तरी खुले स्वरूप वाचता येते. फाइलच्या नावात वस्तूचा नोंदणी क्रमांक आणि रेखाटनाची तारीख असावी.

तेरला जाणाऱ्या हौशी चित्रकारांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पावसाळ्यानंतर अशा गावांच्या शिवारात खापरे वर आलेली दिसतात. ती उचलून घरी आणू नयेत. खापर ज्या जागी पडले आहे ती जागा हीसुद्धा माहितीच असते आणि जागेवरून हलवलेले खापर निम्मे मुके होते. संरक्षित स्थळांसाठी १९५८ चा आणि पुराणवस्तूंसाठी १९७२ चा केंद्रीय कायदा आहे. काही वेगळे आढळल्यास त्याच जागी मोजपट्टीसह छायाचित्र घेऊन संग्रहालयाला कळवावे. संग्रहालयातील वस्तूंचे चित्रण करण्यापूर्वी तेथील अधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी.

गोरोबाकाकांची एक आख्यायिका सर्वश्रुत आहे. संतांच्या मेळ्यात कोणाचे मडके पक्के आणि कोणाचे कच्चे, हे पाहण्यासाठी त्यांनी थापटी घेऊन प्रत्येकाच्या डोक्यावर ठोकून पाहिले आणि नामदेवांना कच्चे ठरवले. कुंभार मडक्याची परीक्षा अशीच घेतो. रंग आणि नक्षी न पाहता आवाज ऐकतो. व्हेक्टर प्रणालीतही अशी एक थापटी आहे. ‘आउटलाइन’ हे दृश्य निवडले की सर्व रंग, छाया आणि रेघांच्या जाड्या नाहीशा होतात आणि चित्राचा नुसता सांगाडा उरतो. नको तेथे पडलेले नोड, न जुळलेली टोके, एकावर एक राहिलेल्या रेघा तेथे लपत नाहीत. त्यानंतर अनुमानाची लेअर क्षणभर बंद करून पाहावी. पडद्यावर जेवढे उरेल तेवढेच तेरच्या मातीने आपल्या हाती दिलेले आहे. ते किती आहे हे पाहणाऱ्याला चित्रावरून कळत असेल, तर ते रेखाटन पक्के झाले असे समजण्यास हरकत नाही.